पासंग

पाण्याखाली सहा मीटरवर नऊ मिनिटं थांबायचं होतं. पहिली तीन बरी गेली. चौथ्या मिनिटाला पाय हलके वाटायला लागले, कुणी टाचांना दोरा बांधून वरून हळूहळू ओढत असल्यासारखे. मी विंगमधली, म्हणजे पाठीवरच्या तरंगायच्या पिशवीतली, हवा सोडायची दोरी ओढली, दोन-चार बुडबुडे गेले आणि संपले. डावा दंड वर करून ड्रायसूटमधली, पाणी आत न येऊ देणाऱ्या अंगभर पोशाखातली, हवा सोडली, तर सूट अंगाला इतका आवळला की आतल्या उबदार कपड्यांच्या शिवणी बरगड्यांवर उमटल्या. सोडण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. मनगटावरचा खोलीचा आकडा ५.६ झाला, मग ५.१. मी शेजारचा बोयाचा दोर धरला. ऑक्टोबर महिना, पाणी बारा अंश, दोरावर शेवाळाचा बुळबुळीत थर. जाड मोज्यांतून बोटं आवळून धरली तरी दोर मुठीतून इंचाइंचानं सरकत होता. पाठीवर, जमिनीवर तोललं तर चाळीस किलोंच्या घरात जाईल असा दोन टाक्यांचा संच होता, आणि तो घेऊन मी पाय वर, डोकं खाली अशी वर निघाले होते.

माझा जोडीदार समोरच होता. साठी उलटलेला, मोजकं बोलणारा माणूस. गेली दोन वर्षं आम्ही लेस्टरजवळच्या या स्टोनी कोव्हमध्ये, पाण्यानं भरलेल्या जुन्या दगडखाणीत, रविवार-रविवार एकत्र उतरतो. त्यानं माझ्या मुठीकडे पाहिलं, सावकाश पोहत माझ्या पाठीवर आला आणि दोन टाक्यांना जोडणाऱ्या आडव्या नळीवर तळहात ठेवला. तेवढ्यानं मी थांबले. स्वतःच्या विंगमधली थोडी हवा सोडून तो माझ्यापुरता जड झाला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. म्हणजे सोडायला त्याच्याकडे हवा होती. उरलेली मिनिटं आम्ही तशीच काढली, मी दोराला, तो मला धरून. वर आल्यावर तो काही बोलला नाही. गाडीच्या डिकीत सामान लावताना त्यानं फक्त विचारलं, शिसं किती होतं? मी म्हटलं, तीन किलो. त्यानं मान हलवली आणि थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात दिला.

त्या रात्री कणीक मळताना माझी मूठ पुन्हा तशीच आवळली गेली.

पाण्याखाली राहता यावं म्हणून अंगावर बांधतात ते शिसं तीन किलो कसं झालं, ते सांगते. ट्विनसेट, म्हणजे हा जोडटाक्यांचा संच, पहिल्यांदा पाठीवर घेतला तेव्हा त्यानंच माझं वजन ठरवून दिलं होतं. सहा किलो. दोन किलो टाक्यांच्या मधल्या बेचक्यात, चार कमरेच्या पट्ट्यात. पाण्यात उतरले की मी दगडासारखी खाली जायचे. विंगमध्ये भसाभस हवा भरावी लागायची, आणि ती हवा पाठीवर इकडून तिकडे पळायची. जरा डावीकडे कललं की सगळी उजवीकडे. डायव्हिंग करणाऱ्यांत शिशावरून मान ठरतो. नवख्याला हमखास जास्त शिसं देतात, मग हात बसेल तसतसं ते उतरत जातं, आणि ‘मी आता इतक्यावर आले’ हे माणसं अभिमानानं सांगतात. त्यात तथ्यही आहे. फाजील शिसं म्हणजे ते उचलायला फाजील हवा, आणि ती हवा खाली जाताना आकसते, वर येताना फुगते. दहा मीटरवरून पृष्ठभागाला येईपर्यंत दुप्पट होते. जितकी हवा जास्त, तितकं तिच्या मागे धावणं जास्त. हे सगळं मला पाठ होतं. म्हणून मी दर रविवारी एकेक किलो काढत गेले. सहाचे पाच, पाचाचे चार, चाराचे तीन. उतरणं सोपं झालं, विंग चपटी राहायला लागली, पाण्यात सरळ रेषेत सरकल्यासारखं वाटायला लागलं. तिसऱ्या रविवारी घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की आज मला वजनच जाणवलं नाही. फार आनंद झाला होता मला. त्या आनंदात खोटं काही नव्हतं, आणि म्हणून नंतर तो जास्त लागला.

त्या तिन्ही रविवारी आम्ही लवकर वर आलो होतो. कुठे टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद-चालू करण्याचा सराव, कुठे दोर सोडण्याचा; टाक्यांत हवेचा दाब १२० बार, म्हणजे भरल्या टाकीच्या निम्म्याहून जास्त, शिल्लक असतानाच डाइव्ह संपायची. ऑक्टोबरातल्या त्या दिवशी मात्र आम्ही स्टेनगार्थवर रमलो. १९१० साली बांधलेली ही टगबोट २००० साली मुद्दाम इथे बुडवली. बावीसएक मीटरवर ती उभी आहे, डेकवर गाळाची साय आणि खिडक्यांतून ये-जा करणारे पर्च मासे. तासाभरानं वर यायला निघालो तेव्हा माझ्याकडे ६० बार होते. तेवढे पुरेसे होते, हवा संपण्याची भीती नव्हती. पण मी त्या टाक्यांबरोबर इतकी हलकी कधी झालेच नव्हते.

हवेला वजन असतं, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो, कारण हवा आपल्याला कधी उचलावी लागत नाही. डायव्हरला लागते. बारा-बारा लिटरच्या दोन टाक्या २३० बारला भरल्या की त्यांत साडेपाच हजार लिटर हवा कोंबलेली असते, आपल्याकडच्या एखाद्या लहान न्हाणीघरात मावेल तेवढी. एका लिटर हवेचं वजन सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे भरलेल्या संचात साडेसहा किलो नुसती हवाच असते. २३० वरून ६० वर येईपर्यंत त्यातली पावणेपाच-पाच किलो मी श्वासावाटे पाण्यात सोडून दिलेली असते. पोलादाची टाकी तीच, आकार तोच, पाणी तेवढंच बाजूला सारलं जातं, आणि आतला माल गेलेला. एकेरी टाकीत हा फरक अडीच किलोंचा. निभावून नेता येतो, दोन खोल उच्छ्वास सोडले की भागतं. जोडटाक्यांत तो दुप्पट होतो, आणि नेमका अशा वेळी समोर येतो जेव्हा वर जायची परवानगी नसते. खोल पाण्यात अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून हे थांबे. स्कॉटलंडच्या हॉल्डेन या शास्त्रज्ञानं १९०८ साली शेळ्यांवर प्रयोग करून त्याचे पहिले तक्ते प्रसिद्ध केले, तेव्हापासून माणसं अशी पायरीपायरीनं वर येतात. पायरीवर उभं राहायला पाय जड असावे लागतात. उतरताना मी जो जडपणा नकोसा म्हणून काढून टाकत होते, तो माझ्या शिशाचा नव्हताच. तो हवेचा होता, तासाभरात आपोआप जाणारा. मी त्याच्याऐवजी शिसं काढलं, आणि शेवटी दोन्ही गेलं.

आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायला जागा नाही. मागच्या डिसेंबरात गावी आले होते तेव्हा दोन दिवस मालवणला गेले. किल्ल्याच्या बाजूला पर्यटकांची गर्दी होती. आम्ही त्यापलीकडे गेलो, एका होडीतून, चार जण. अ‍ॅल्युमिनियमची एकच टाकी, पातळ सूट, सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं पाणी. होडीवरच्या मुलानं माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि पट्ट्यात शिशाचे तुकडे ओवायला लागला. मी म्हटलं, मला एवढं लागत नाही. तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, “टाकी सरत इली की ती वयर ओढता, ताई. तेचा वजन आधीच धरूक होया.” अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की खरोखर तरंगायला लागते, पाठीवर बसवलेल्या बोयासारखी. तो मुलगा विशीतला असेल. त्यानं कधी लिटर आणि ग्रॅम मांडले असतील की नाही ठाऊक नाही, पण शेकडो माणसं शेवटच्या पाच मिनिटांत वर उसळताना त्यानं पाहिली होती आणि दर वेळी हात धरून खाली ओढली होती. मी त्याचं ऐकलं, चार किलो लावले, डाइव्ह सुरेख झाली. आणि इंग्लंडला परत येऊन विसरले. त्याचं बोलणं त्या होडीपुरतं, त्या उबदार पाण्यापुरतं आहे, असं माझ्या मनानं परस्पर ठरवून टाकलं होतं. याची मला आजही बोच आहे.

आबांच्या डब्याचंही तसंच झालं.

सातारा जिल्ह्यात आमच्या गावी आबांचं किराणा दुकान होतं. सगळी मुलं विहिरीत डबा बांधून पोहायला शिकायची, कुणी पांगाऱ्याचा बिंडा, कुणी सुका भोपळा. आमच्याकडे दुकान असल्यामुळे डब्यांना तोटा नव्हता. गोडेतेलाचा पाच किलोचा डबा, राखेनं घासून धुतलेला, बुचाला लाख लावून बंद केलेला, आणि तो सुताच्या दोरीनं माझ्या पाठीवर आवळलेला. विहिरीच्या पायऱ्या उतरताना डबा पाठीवर ठणठण वाजायचा. पाणी गार, हिरवं, कडेला पारव्यांची घरटी. आबा आधी उतरायचे आणि माझ्या पोटाखाली तळहात धरायचे. “भिऊ नगंस, मी हाय न्हवं.” चार दिवसांत हात काढून घेतला, डबा मला धरून राहिला. मग खरा प्रश्न आला, डबा सोडवायचा कसा. बाकीच्यांच्या घरी एक दिवस डबा काढून पोराला ढकलून देत. आबांना ते पटायचं नाही. त्यांनी बुचाची लाख फोडली, डब्यात एक तांब्या पाणी ओतलं आणि पुन्हा लाख लावली. दर दोन दिवसांनी एक तांब्या. डबा तेवढ्यानं जड व्हायचा, मी तेवढी जास्त हातपाय मारायचे. मला त्या वयात ही केवढी मोठी युक्ती वाटली होती. पण डबा अर्धा भरला तेव्हा ती फसली. मी आडवी झाले की आतलं पाणी डुचमळत एका टोकाला जायचं आणि ते टोक खाली ओढायचं; मग उरलेलं पाणीही तिकडेच धावायचं. कधी मान खाली, कधी पाय. एकदा मी कुशीवर फिरले आणि डबा बगलेत येऊन मला उलटं करून गेला. नाकातोंडात पाणी गेलं. आबांनी मला वर काढलं, पायरीवर बसवलं, पाठ चोळली, आणि बराच वेळ तो डबा हातात धरून इकडून तिकडे कलता करत आतल्या पाण्याचा आवाज ऐकत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अडीच किलोचा लहान डबा आणला, कोरडा. तिथून पुढे मी शिकले.

तो डुचमळणारा डबा मला ड्रायसूटमध्ये पुन्हा भेटला. सूटमधली हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाते. पाय जरा वर झाले की हवा पायांकडे धावते, पाय फुगतात, त्यानं आणखी वर जातात, आणि मग सगळीच हवा तिकडे. विंगमध्ये तेच. म्हणून जोडटाक्या घेऊन पोहणारा माणूस पाण्याला समांतर राहण्यासाठी इतका जीव टाकतो. स्कापा फ्लोमध्ये हेच एका युद्धनौकेनं केलं होतं. माझा हा सगळा सराव तिथल्यासाठी चाललाय, येत्या मे महिन्यासाठी. पहिलं महायुद्ध थांबल्यावर जर्मन नौदलाची ७४ जहाजं स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या त्या बेटांमध्ये नजरकैदेत होती. २१ जून १९१९ या दिवशी त्यांच्या खलाशांनी तळाच्या झडपा उघडून ती स्वतःच बुडवायला घेतली, आणि त्यांतली ५२ गेली. पुढे अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगारवाल्यानं त्यांतली बरीच विकत घेऊन वर काढायला सुरुवात केली. जहाज वर काढण्याचा त्याला आधी काहीही अनुभव नव्हता. मोल्टके नावाची प्रचंड युद्धनौका तळाशी उपडी पडली होती. कॉक्सच्या माणसांनी तिच्या तळाची भोकं बुजवली आणि आत हवा भरायला सुरुवात केली. उपडं भांडं पाण्यात दाबलं की आत हवा राहते, तसं त्यांनी आख्खं जहाज उचलायचं ठरवलं. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर आली, पण एकटी, आणि कलंडून. आतल्या कप्प्यांमधल्या वाटा उघड्या असल्यामुळे नाळ जरा उचलली गेली की मागची हवा तिच्याकडे धावत होती. मग त्यांना आत जाऊन, कोंडलेल्या हवेत काम करून, कप्पे एकमेकांपासून बंद करावे लागले, म्हणजे जिथली हवा तिथेच राहील. १९२७ च्या जूनमध्ये मोल्टके वर आली. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर विहिरीच्या पायरीवर डबा कानाशी धरून बसलेले आबा आले. त्यांनी लहान डबा आणला. कॉक्सनं मोठ्या डब्याचे लहान डबे केले.

ती सगळी जहाजं निघाली नाहीत. क्योनिग, क्रोनप्रिन्झ विल्हेल्म आणि मार्कग्राफ या तीन मोठ्या युद्धनौका अजून तिथेच उपड्या आहेत, चाळीस मीटरच्या अलीकडे-पलीकडे. तिथवर जाऊन, पाहून, थांबे घेत वर यायचं तर एका टाकीवर भागत नाही. शिवाय तो समुद्र आहे. खाऱ्या पाण्याचं वजन गोड्यापेक्षा शेकडा अडीचनं जास्त. मी सामानासकट एकशेदहा किलो धरले तर नुसत्या मिठापायी मला पावणेतीन किलो शिसं वाढवावं लागणार. खाणीत तीन किलोवर उतरले तशीच स्कापाला गेले असते, आणि एखाद्या टाकीनं ऐनवेळी दगा दिला असता, तर हवा घेऊन येणाऱ्या जोडीदाराच्या हातातून मी निसटले असते. हा विचार मला रात्री दोनला येतो. मग मी उठून पाणी पिते.

पाण्यात आडवं राहण्यासाठी शिसं किती, यापेक्षा कुठे, हा प्रश्न मला जास्त आवडतो. माझ्या उंचीला बारा लिटरच्या टाक्या लांब पडतात, त्यांची बुडं कमरेखाली येतात आणि पाय ओढले जातात. टाक्या पट्ट्यातून इंचभर वर सरकवल्या तर पाय सुटतात, पण मग मान मागे केली की डोकं नळीला आपटतं. मी महिनाभर पाव-पाव इंच सरकवून बघितलं. शेवटी टाक्या मधोमध ठेवल्या आणि बेचक्यातलं दोन किलोंचं शिसं खालून काढून वर, खांद्यांच्या रेषेत बांधलं. पाण्यात गेले, हात छातीपुढे घेतले, पाय मुडपले, आणि काहीही न हलवता थांबले. आधी नेहमी पाय हळूच बुडायचे. त्या दिवशी नाही बुडाले. इंग्रजीत या जागच्या शिशाला त्याच्या आकारावरून नाव आहे. मी मनात त्याला पासंग म्हणते.

कारण पासंग मी पाहिलेला आहे. आबांच्या दुकानातल्या लोखंडी तराजूच्या एका पारड्याची साखळी कधीतरी दुरुस्त करताना जड झाली होती, म्हणून दुसऱ्या पारड्याखाली चिंधीत बांधलेला चिंचोक्याएवढा खडा लोंबायचा. रोज सकाळी उदबत्ती ओवाळून झाली की आबा पहिल्यांदा रिकामा तराजू उचलायचे. दोन्ही पारडी कापडानं पुसायची, काटा उचलायचा, श्वास धरून बघायचं. काटा मध्ये आला की खाली ठेवायचा. मी विचारलं होतं, काही घातल्याशिवाय काय बघता? ते म्हणाले, “रिकामा सरळ ऱ्हायला पायजे. भरल्याचं भरल्यावर.” मी पाण्यात तीन रविवार भरलेला तराजू बघून पासंग ठरवत होते.

वजन बरोबर झालं की पाण्यात काय होतं, ते सांगायला मला अजून नीट शब्द सापडत नाही. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली, तेही लगेच नाही, क्षणभर थांबून, पाणी विचार करून उत्तर देत असल्यासारखं. छातीत एक-दोन लिटरची हालचाल म्हणजे एक-दोन किलोंची उचल. त्यामुळे मोठ्या फरकांचा भार श्वासावर टाकायचा नसतो. तो फार नाजूक मोजणीसाठी आहे. त्या ऑक्टोबरात दोराला लटकून मी छाती अर्धवट रिकामी ठेवून जगत होते, छोटे-छोटे श्वास, आणि त्यानं धाप लागत होती, धापेनं छाती भरत होती, आणि मी आणखी वर. समोर एक पर्च होता. पट्ट्यापट्ट्यांचा, वीतभर. दोरापासून हातभर अंतरावर तो नुसता होता. पर नावाला हलत होते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. आपल्याकडे घोळीच्या पोटातली ती ‘बोत’ म्हणून वाळवून सोन्याच्या भावानं विकतात. रक्तातला वायू त्या पिशवीत सोडून किंवा परत घेऊन मासा आपलं वजन शून्यावर आणून ठेवतो. मुशीला ती नसते, तिला तेलकट यकृताचा आधार. मला त्या पर्चचा हेवा वाटला, आणि त्याच वेळी त्याच्याकडे बघत राहिल्यानंच माझा श्वास जरा लांबला. दोन्ही खरं आहे.

नोव्हेंबरात जोडीदारानं एक सकाळ फक्त वजनासाठी ठेवली. तसं त्यानं सांगितलं नाही. येताना शिशाच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या तुकड्यांची पिशवी आणली आणि माझ्या टाक्या मागितल्या. किनाऱ्यावर व्हॉल्व्ह उघडून त्यानं हवा सोडायला सुरुवात केली. केवढा आवाज होतो त्याचा. बाजूच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले, पैसे देऊन भरलेली हवा कोण अशी उधळतं म्हणून. नळीवर दव, मग बर्फाचा पांढरा पापुद्रा. काटा पन्नासवर आला तेव्हा त्यानं बंद केलं. याहून खाली मी कधी जाऊ नये, पण गेले तर यावर मला उभं राहता आलं पाहिजे.

पाणी नऊ अंश. उथळ बाजूला, बोयाच्या दोराशी, तीन मीटरवर आम्ही समोरासमोर झालो. कमरेला आणि पाठीला मिळून तेच तीन किलो होते. एका हातानं मी दोर धरला होता. विंग पूर्ण रिकामी केली, सूट आवळला जाईल तेवढाच रिकामा केला, बोटं गारठू नयेत इतकी हवा आत ठेवली, आणि साधे, रोजचे श्वास घ्यायला लागले. हात सैल केला की वर जात होते. त्यानं पहिला तुकडा दिला. मांडीवरच्या खिशात टाकला. वर. दुसरा. वर, पण रेंगाळत. तिसऱ्याला पाय आधी शांत झाले. साडेचार किलो. आकडा तीनवरून २.८ वर गेला, थांबला, मग २.६. चौथा तुकडा खिशात गेला तेव्हा मी बोटं उघडली आणि दोर तिथेच राहिला, मीही. ३.०. श्वास आत, २.९. बाहेर, ३.१. किती वेळ गेला, माहीत नाही. त्यानं मनगटावरचं घड्याळ दाखवलं, तीन मिनिटं. पाच किलो. त्यानं पहिल्या दिवशी सांगितलेल्या सहाच्या एवढं जवळ.

त्याच्या तळहातावर अजून एक तुकडा उरला होता. डोळ्यांनी त्यानं विचारलं. मी आधी मान हलवली, नको. मग डिसेंबरातलं पाणी आठवलं, पाच अंशांचं, आणि त्यासाठी आत घालायचा दुसरा जाड थर, त्यात अडकणारी हवा. हात पुढे केला. मोज्यात बोटं चालत नव्हती, म्हणून खिशाचं झाकण त्यानंच लावून दिलं.